नाव नसलेली पट्टी

परवा हर्षदाने भिंतीवरच्या कॅलेंडरात तिच्या प्रॅक्टिकलच्या तारखेभोवती लाल पेनाने गोल केला. परीक्षा नातीची, घाम माझ्या तळहाताला. बाहेर वैशाखाचं ऊन असं की गच्चीवर वाळत घातलेल्या सुकटीचा वास जिन्याने खाली उतरून खोलीत येऊन बसतो. द्रोणागिरीच्या रस्त्याने कंटेनरच्या गाड्या जातात, खिडकीची काच थरथरते, आणि कोपऱ्यातल्या टेबलाखाली तो काळा डबा मुकाट बसलेला असतो. मी त्याच्याकडे बघतो. गेल्या वर्षी याच दिवसांत आमच्या दोघांत जे झालं ते त्याला आठवत नसेल. मला आठवतं.

माझं शिक्षण चौथी. पाचवीची शाळा खाडीच्या पलीकडे होती आणि बापाचं मिठागर अलीकडे, म्हणून मी अलीकडेच राहिलो. याची मला लाज नाही. चिखलात पाय घालून मी सांगायचो, इथे मीठ किती दिवसांत धरेल. शिकलेली माणसं येऊन उभी राहायची आणि त्यांना वाफा कुठे संपतो, बांध कुठे सुरू होतो तेही कळायचं नाही. ती नंतर जमिनीची मोजणी करून गेली. मिठागरं गेली, भातखाचरं गेली. आता तिथे गोदामं आहेत आणि एकावर एक रचलेले लोखंडी डबे.

पण त्या प्रत्येक तुकड्याला नाव होतं. उपाशी वाफा, कारण तो इतका लांब की घरून निघालेली भाकरी पोचेपर्यंत दुपार टळायची. सासूची खाच, कारण तिच्यात कितीही पाणी भरा, समाधान नाही. तेरा लुगड्यांचा बांध, कारण एका उधाणाला तो फुटला तेव्हा तेरा घरांतली लुगडी आणून त्या भगदाडात कोंबली होती. मोजणीच्या कागदावर यातलं एकही नाव नव्हतं, नुसते आकडे. आणि जिथे आकडाही नाही तिथे लिहिलेलं, पडीक. एकदा एका ऑफिसात मी उपाशी वाफ्याचं नाव घेतलं तर टेबलामागचा पोरगेलासा साहेब म्हणाला, "काका, हे कुठे लिहिलंय?"

ते वाक्य मला लागलं. मी पनवेलला गेलो, जुना कॉम्प्युटर विकत घेतला, आणि गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून त्यात मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर घालून घेतलं. इंग्रजी बटणं दाबायची आणि पडद्यावर मराठी अक्षर उठायचं. उजव्या हाताच्या एका बोटाने, पाच पावसाळे, मी नावं लिहिली. गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या ओट्यावर जाऊन बसायचो, चहा व्हायचा, एखादं नाव निघायचं. कधी दोघांची भांडणं व्हायची की वाकडीच्या पुढे निवट्याचा पोय, म्हणजे खाडीचा बारका फाटा, की आधी. मी दोघांना चालत घेऊन जायचो, गोदामाच्या भिंतीपर्यंत, आणि भिंतीकडे बोट दाखवून ते ठरवायचे. दोनशे चौदा नावं झाली. सांगणाऱ्यांपैकी आता चारच जण उरलेत, त्यातल्या एकाला मी कोण ते आठवत नाही. म्हणजे ती यादी त्या डब्यात होती आणि जगात दुसरीकडे कुठेही नव्हती.

हर्षदा माझी नात, मुलाची मुलगी. कॉम्प्युटरचंच शिकते. तिने मला कितीदा तरी सांगितलं होतं, "आजा, त्या फाइलची कॉपी काढून ठेव. एक पेनड्राइव्ह घे."

मी म्हणायचो, "नक्कल नाय काढाची."

कारण आमच्याकडून एकदा सगळे जुने कागद नकला काढायला म्हणून नेले होते. परत आल्या त्या नकला. अस्सल कागद कुठल्या कपाटात गेले ते आजतागायत कळलं नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच धरलंय, नक्कल निघाली की अस्सल जातो. हर्षदा हसायची. "कॉम्प्युटरमध्ये तसं नसतं रे." मी म्हणायचो, सगळीकडे तसंच असतं.

गेल्या वर्षी वैशाखात तिच्या कॉलेजने सांगितलं की प्रॅक्टिकल लिनक्सवर होणार. घरात मशीन एकच, माझं. त्यावर विंडोज. ती म्हणाली, विंडोज काढून लिनक्स टाकू, मशीनही हलकं पळेल. मी विचारलं, माझी यादी? ती म्हणाली, यादी राहील, पण ते जुनं टायपिंग तिकडे चालणार नाही. अक्षरं दिसणार नाहीत.

"मंग नाय."

"मग दोन्ही ठेवू ना. एका डिस्कचे भाग करायचे. एकात जुनं, एकात नवीन. चालू केलं की ते विचारेल, कुठे जायचं."

हे मात्र मला पटलं. भरल्या वाफ्यात बांध घालायचा आणि त्याचे दोन करायचे. हे काम मी जन्मभर केलंय. पाणी आत असताना मधोमध चिखल रचत जायचं, पायाने दाबत जायचं, आणि अर्धवट धरलेलं मीठ हलू द्यायचं नाही. एक चुकीचा पाय पडला की महिनाभराचं ऊन वाया. मी तिला म्हटलं, बांध मी घालणार. वाफा माझा आहे.

माझी बायको हिरा दाराशी सुकट निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "जल्मभर मीठ पिकवलंत. आता या डब्यान काय पिकवताव?"

शनिवार होता. सकाळी हर्षदाने पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालवून दाखवलं, आत न बसवता. मग एक नकाशा उघडला. डिस्कचा नकाशा. आडवी पट्टी, तिच्यात रंगीत तुकडे. मला तो बघताक्षणी कळला. आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरवरची एखादी गोष्ट मला कुणी न सांगता कळली. मोठा तुकडा विंडोजचा, त्यात माझी यादी. त्याच्या उजवीकडे करडी मोकळी जागा, तिने आधीच करून ठेवलेली. तिथे नवीन बसणार. तेवढ्यात तिच्या मैत्रिणीचा फोन आला, जर्नलवर सही करणाऱ्या मॅडम बारापर्यंतच थांबणार होत्या. ती चपला घालता घालता ओरडली, "आजा, मी दोन तासांत येते. टेन्शन नको घेऊ. आणि कशाला हात लावू नको."

हात लावू नको. हे वाक्य मी मोजणीवाल्यांकडून ऐकलं होतं, स्वतःच्या बांधावर उभं राहून.

मी खुर्चीत बसलो. पंखा गरम हवा ढवळत होता. नकाशा समोर तसाच. बघता बघता माझं लक्ष डाव्या कडेला गेलं. तिथे, सगळ्याच्या आधी, एक बारीक पट्टी होती. नखाएवढी. बाकीच्यांपुढे नाव लिहिलेलं, हिच्यापुढच्या रकान्यात काहीच नाही. आत किती भरलंय ते बघितलं, चिमूटभर.

नवा बांध घालण्याआधी आम्ही कडेची खुसपटं साफ करायचो. नाहीतर त्यात पाणी मुरतं आणि चांगला बांध खचतो. मला वाटलं, ही तसलीच. कुणाची नाही. पडीक. मी तिच्यावर टिचकी मारली. वर कचऱ्याच्या डब्याचं चित्र होतं, ते दाबलं. पट्टी करडी झाली. एक हिरवी बरोबरची खूण उजळली, ती दाबली. त्याने इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी हो म्हटलं. दोन क्षणांत काम झालं आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

आता मिठागरातली दुसरी शिस्त. एक काम झालं की जुना बांध शाबूत आहे का ते जाऊन बघायचं, मगच पुढचं फावडं. म्हणून मी मशीन बंद केलं, पेनड्राइव्ह उपसला आणि परत चालू केलं. विंडोज येतंय का बघायला.

काळा पडदा. त्यावर एक पांढरी ओळ, इंग्रजी. खाली एक आडवी रेघ उघडझाप करत होती.

मी पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू केलं. तीच ओळ. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा मी देवाचं नाव घेऊन चालू केलं, तरी तीच. ती रेघ माझ्याकडे बघून पापणी लववत होती आणि तिच्यामागे कुठे उपाशी वाफा दिसत नव्हता, कुठे सासूची खाच नव्हती. मी बोटांवर मोजायला लागलो. किती नावं मला तोंडपाठ आहेत? तीस झाली, चाळीस झाली. त्रेचाळीसला अडकलो. पुढचं येईना. जीभ कोरडी पडली. एकशे एकाहत्तर नावं माझ्या बोटांतून गेली होती, मी स्वतः ती टाइप केली होती, आणि त्यातलं एकही माझ्या डोक्यात नव्हतं. लिहून ठेवलं की माणूस विसरायला मोकळा होतो. हे मला त्या खुर्चीत कळलं.

अशीच जीभ कोरडी पडल्याचं मला आणखी एकदाच आठवतं. तेव्हा मी पस्तिशीचा असेन. गावाच्या तोंडाशी खारबांधात एक उघाडी होती. उघाडी म्हणजे लाकडी फळ्यांचं दार. भरती आली की समुद्राच्या दाबाने ते आपसूक मिटायचं, ओहोटी लागली की गावातलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडायचं. माणसाच्या उंचीचं, दोन हात रुंद. मोजणीच्या नकाशात ते दिसत नव्हतं. मी मोजणीवाल्याच्या मागे दोन दिवस फिरलो. साहेब, हे बुजवू नका. तो म्हणाला, कागदावर इथे काही नाही. भरावाच्या पहिल्याच गाड्या तिथे रिकाम्या झाल्या. आषाढातल्या उधाणाला डोंगराकडून आलेलं पाणी गावात शिरलं आणि बाहेर जायला दारच नव्हतं. तीन दिवस ते घराघरांत उभं राहिलं. चुलीच्या मातीचा चिखल झाला. लहान पोरं माळ्यावर, म्हातारी माणसं खाटेवर खाट ठेवून वर. मी कंबरभर पाण्यात उभा राहून त्या मोजणीवाल्याला शिव्या घालत होतो आणि ऐकायला फक्त बेडूक होते. पुढे कुठेही, कुणीही विषय काढला की मी हेच सांगत आलो, ज्याला नाव विचारायची अक्कल नाही त्याने जमिनीला हात लावू नये.

हर्षदा दीड वाजता आली. उन्हाने लाल झालेली. पडदा बघून जिन्याजवळच थांबली.

"आजा, काय केलंस?"

"मी काय नाय केला. आपोआप झालाय."

हिरा आतून म्हणाली, "आपोआप कया? मी बगलंय. यो बोट लावत व्हता."

"तू गप बस."

"आजा," हर्षदा माझ्यासमोर गुडघ्यावर बसली. तिचा आवाज चढला नाही, आणि तो चढला असता तर बरं झालं असतं. "नक्की काय दाबलंस ते सांग. मी ओरडणार नाही. पण खोटं बोललास तर खरंच सगळं जाईल."

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. गावच्या पंचांपुढे मान खाली घातली नाही. मी भिंतीकडे बघत सांगितलं. डावीकडची बारकी. नाव नव्हतं तिला.

तिने पडद्याकडे बघितलं. मग म्हणाली, "त्याच्यातूनच चालू होतं ते. मशीन आधी त्या पट्टीत जातं, तिथून त्याला कळतं विंडोज कुठे आहे. ते दार आहे, आजा."

दार. मी उठून गच्चीवर गेलो. सुकट उलटीसुलटी केली, काही कारण नसताना. कंटेनरची एक गाडी मागे घेताना पीं पीं करत होती. त्या मोजणीवाल्याचा चेहरा मला कधीच नीट आठवत नव्हता, फक्त त्याची टोपी आठवायची. त्या दिवशी चेहरा आठवला. चांगला होता. दमलेला होता. त्यालाही वाटलं असेल, कडेचं खुसपट आहे.

खाली आलो तेव्हा तिने पेनड्राइव्ह परत लावला होता. लिनक्स वर आलं होतं. तिने मोठा तुकडा उघडला, त्यात माझं फोल्डर, त्यात माझी फाइल. तिने फाइल उघडली.

पडद्यावर चिंध्या होत्या. इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, टिंबं, एकमेकांत गुंतलेली. एकही शब्द मराठी नाही. पानभर नुसता कचरा.

"गेला," मी म्हटलं.

"नाही गेलं. फॉन्ट नाहीये ना इकडे. म्हणून तसं दिसतंय."

"हर्षे, मना येड्यात काढू नको. हा काय हाय? हा उपाशी वाफा हाय?"

"आजा, बस. बघ तरी."

मी बसलो. बघत राहिलो. आणि हळूहळू, भरती ओसरल्यावर चिखलातून बांधाची पाठ वर यावी तसं मला काहीतरी दिसायला लागलं. तिसरी ओळ सगळ्यात लांब होती. तिसरी ओळ लांब असायलाच हवी, तिथे तेरा लुगड्यांचा बांध आहे आणि मी तो कुठून कुठपर्यंत तेही लिहिलं होतं. दहावी ओळ इवलीशी. वाकडी. तिच्याबद्दल कुणी काही सांगितलंच नव्हतं. सोळा आणि सतरा सारख्या सुरू होत होत्या, कारण दोन भाऊ, दोन वाफे. मला एकही अक्षर वाचता येत नव्हतं आणि मी सगळं ओळखत होतो. शेत असंच ओळखतात, लांबीवरून, वळणावरून. मी पडद्यावर बोट ठेवून तिला सांगत गेलो, हा अमका, हा तमका. ती माझ्याकडे बघत होती, पडद्याकडे नाही.

"मग आहे ना सगळं?" ती म्हणाली.

"दिसलं तर खरं."

ती हसली, पण कपाळावरची आठी गेली नाही. म्हणाली, पट्टी परत येईल अशी शक्यता आहे. पुसली म्हणजे फक्त यादीतली तिची खूण पुसली. आतलं जागच्या जागी असतं. एक प्रोग्रॅम आहे, तो अख्ख्या डिस्कवर चालत जातो आणि पुसलेल्या बांधांच्या खुणा शोधतो. "पण त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं असेल तर नाही सापडणार. त्याच्यानंतर काही दाबलंस?"

"नाय."

"नक्की?"

"आईची आन."

पुसलेल्या खुणेचं तिचं बोलणं माझ्या डोक्यात नंतर कितीतरी दिवस फिरत राहिलं. कागदावरून खूण गेली तरी जमीन जागेवर असते. वर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर. खिडकीतून मला गोदामाचं निळं छप्पर दिसत होतं.

तिने फोनच्या नेटवरून तो प्रोग्रॅम उतरवला आणि चालू केला. काळ्या पडद्यावर आकडे सरकायला लागले. एक टक्का. बराच वेळ एकच टक्का. मग दोन. आमच्याकडे वैशाखात दुपारी वीज कधी डोळा मारेल सांगता येत नाही, आणि या डब्याला बॅटरी नाही. मी घरभर फिरून सगळं बंद केलं. पंखे, फ्रिज, पाण्याची मोटर. हिराने मिक्सर लावायला घेतला तर मी तिच्या हातातलं भांडं धरलं.

"चटनी नको?"

"आज नको."

"डब्याची पूजाच घाला ना. हलद-कुंकू आनू?"

एकदा दिवा पिवळा झाला. पडदा आक्रसल्यासारखा झाला. आम्ही तिघंही श्वास धरून उभे राहिलो, हिरासुद्धा, हातात मिरच्या घेऊन. दिवा परत पांढरा झाला. आकडे चालत राहिले. घामाने बनियान पाठीला चिकटलं होतं. लहानपणी फुटलेला बांध शोधायला बाप मला चिखलात अनवाणी चालायला लावायचा. वरून सगळीकडे सारखंच पाणी दिसतं. पण जिथे जुना बांध असतो तिथे पायाखाली घट्ट लागतं. बाप काठावरून विचारायचा, लागला का? मी म्हणायचो, नाय. पुढे जा. लागला का? नाय. त्या दुपारी मी खुर्चीच्या पाठीला धरून मनात तेवढंच विचारत होतो.

साडेचारच्या सुमाराला हर्षदा पुढे झुकली. पडद्यावर एक ओळ हिरवी झाली होती. "हीच. साइझ बघ, तेवढीच आहे. सुरुवात पण तीच."

"लागला?"

"लागला."

तिने ती खूण परत लिहिली. पेनड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बटण तू दाब."

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मशीन तुझं आहे. मी दाबलं. काळा पडदा. मग अजून काळा. मग मधोमध छोटी छोटी टिंबं गोल फिरायला लागली, आणि ती ओळखीची निळी खिडकी उगवली.

तिने यादी उघडली. अक्षरं उभी राहिली, माझी, मराठी. मी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. एकेका नावाला थांबत, त्रेचाळीसच्या पुढे आवाज चढवत. हर्षदा टेबलाला टेकून ऐकत होती. गच्चीवरची सुकट उचलायची सोडून हिराही उंबऱ्यात येऊन बसली. वाचता वाचता मी तिला, म्हणजे हर्षदाला, उघाडीची गोष्ट सांगितली. ती मी आधी शंभरदा सांगितली होती, पण या वेळी मोजणीवाल्याला शिवी घातली नाही. दोनशे चौदाव्या नावावर थांबलो.

हर्षदा म्हणाली, "आणि ती उघाडी कितवी?"

"कंची?"

"जी बुजवली ती. तिचं नाव काय लिहिलंयस?"

मी यादीत वर गेलो. खाली आलो. परत वर गेलो. पंखे बंदच होते, खोलीत फक्त माऊसचं चाक वाजत होतं. ती नव्हती. जिच्यासाठी मी दोन दिवस मोजणीवाल्याच्या मागे धावलो, जिच्यावरून जन्मभर लोकांची अक्कल काढली, ती माझ्या यादीत नव्हती. मी तिला कधी नाव विचारलंच नव्हतं. ती नुसती उघाडी होती. रोज तिच्यावरून जायचो.

"तिला नाव नव्हता," मी म्हटलं. माझंच बोलणं मला ऐकू आलं.

उंबऱ्यातून हिरा म्हणाली, "कोनी सांगितलं नव्हता?"

मी मान वळवली.

"जनीचा दार," ती म्हणाली. "आमी सगल्या बाया जनीचा दारच म्हनायचू. जनी रांडव बाई, दाराशीच रवायची. ओहोटीला दार अडकला तर मधरात्री उठून फली सोरवायची. आमी मासली धरायला जायचू तवा पोराना तिच्याकरं ठेवायचू."

"मना कदी बोलली नाय तू."

"तुमी इचारलाव कदी?"

नव्हतं विचारलं. दोनशे चौदा नावं, पाच पावसाळे, किती ओटे, किती चहा. सगळे बाप्ये. लुगडी ज्यांनी आणली त्या तेरा बायांपैकी तीन तेव्हा जिवंत होत्या आणि त्यांच्याच ओट्यावर बसून मी त्यांच्या नवऱ्यांना विचारत होतो. चहा त्याच आणून द्यायच्या.

दुसऱ्या दिवशी हर्षदाने आधी यादीच्या तीन नकला काढल्या. मी तिला अडवलं नाही, फक्त प्रत्येक पेनड्राइव्ह हातात घेऊन बघितला. मग उजवीकडच्या मोकळ्या जागेत लिनक्स बसवलं. शेवटी तिने तो नकाशा परत उघडला आणि डावीकडच्या बारीक पट्टीवर बोट ठेवलं. "हिला नाव देऊया का? इंग्रजीतच द्यावं लागेल. अकरा अक्षरांच्या वर नाही चालणार."

मी हिराला हाक मारली. हर्षदाने इंग्रजी अक्षरांत लिहिलं, JANICHADAAR. बोटांवर मोजून बघितली, बरोब्बर अकरा भरली.

प्रॅक्टिकल तिचं चांगलं गेलं. यंदाचंही जाईल. आता ती सकाळी मशीन चालू करते तेव्हा ते दहा सेकंद थांबून विचारतं, कुठे जायचं. ती नवीनकडे जाते, संध्याकाळी मी जुन्याकडे. दोघांची वाट त्याच दारातून. त्या दहा सेकंदांत अजूनही माझा तळहात ओला होतो.

काल संध्याकाळी मी बसलो होतो. हिरा शेजारी स्टुलावर होती, मांडीवर सुपात सुकट. यादी उघडली, शेवटच्या ओळीखाली आलो. दोनशे पंधरा, जनीचं दार, ते गेल्या वर्षीच लिहून झालंय. आता दोनशे साठवर आहे. एक बोट बटणावर ठेवून मी तिच्याकडे बघितलं.

"दाराच्या पल्याड काय व्हता?"

"लिवा," ती म्हणाली. "पन दमानी. आजून भरपूर हाय."